मागायचं राहून गेलं

खळ आज जरा पातळ झाली होती, आणि ती कुणी शिजवली यावरनं सकाळपासनं टोंगा बेटांवरल्या त्या गावात, चर्चमागच्या शेडमध्ये वाद चालू होता. लांब लाकडी पाटाच्या दोन्ही अंगांना बाया समोरासमोर बसल्या होत्या. मोगरीनं ठोकून ठोकून पातळ केलेली झाडाची साल पाटावर पसरायची, वर खळ फासायची, तिच्यावर दुसरा थर आडवा चिकटवायचा, तळहात फिरवून आतला वारा काढायचा आणि तयार कापड पुढं सरकवायचं. हात असे चालले होते आणि तोंडं हातांच्याही पुढं.

"माझी खळ कधी पातळ हुत न्हाई," लुपे म्हणाली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. दात मोजकेच उरले होते, पण जीभ अख्खी होती. "आज लेसिएलीनं ढवळली. पोरांच्या कालव्यात ढवळायची सवं न्हाई तिला. निवांत घरात सगळं पातळच हुतं."

बाया हसल्या. लेसिएलीही हसली.

"व्हय काकी, निवांत हाय खरं. म्हणून तर तुमची सून दुपारची माझ्या वसरीत येऊन झोपती."

आता सुनेला सोडून सगळ्या हसल्या. तेवढ्यात पाद्रीणबाई विका आल्या. विकाबाई राजधानीच्या, बोलणं शहरी आणि पंखा कायम हातात. त्या पाटाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "लेसिएली, देवानं ऐकलं."

"कुनाचं?"

"तुझं. आमचं. सगळ्या गावाचं. तुझ्या भावाच्या लेकीचं, मिलिकाचं बाळ तुला मिळणार आहे. आयांच्या रविवारी, भर उपासनेत, सगळ्यांच्या साक्षीनं. हे कापड त्याच्यासाठीच चाललंय. फक्त तुला सांगितलं नव्हतं."

लेसिएलीचा तळहात होता तिथंच थांबला. त्याच्याखाली वाऱ्याचा एक फुगा राहून गेला.

"मी पन्नाशीची हाय, बाई."

"सारा नव्वद वर्षांची होती, तिला मूल झालं तेव्हा."

"साराचा गुडघा दुखत हुता असं बायबलात कुटं लिवल्यालं न्हाई."

"बघा, बघा, आनंदानं काय बोलावं हेही सुचत नाहीये हिला," विकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावावा तसा पंखा लावला. बायांनी नाकं ओढली. लुपे तर हुंदके द्यायला लागली, कारण रडायची संधी ती कधी सोडत नसे. लेसिएलीला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळं तिनंही काही सांगितलं नाही. तिनं फुगा दाबून काढला आणि कापड पुढं सरकवलं.

तसं बघितलं तर लेसिएलीचं पोट हे गावाचं जुनं सार्वजनिक काम होतं. लग्नाला दोन पावसाळे उलटले तशी लुपेनं पाल्याचे काढे पाजायला सुरुवात केली. ते इतके कडू की नवरा फिनिआसी नुसत्या वासानं घर सोडून पळायचा. मग कुणी म्हणालं, आत्याचा शाप असणार. घरात आत्याचा मान बापाहूनही मोठा, आणि तिचं मन दुखलं की भाचीची कूस उजवत नाही, हे टोंगात शेंबडं पोरही सांगेल. लेसिएलीची आत्या तर केव्हाच वारलेली. तरी तिच्या कबरीवर डुक्कर आणि चटई नेऊन माफी मागितली. आत्यानं माफ केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. डुक्कर मात्र चुलतभावांनी आवडीनं खाल्लं. राजधानीतला डॉक्टर म्हणाला, दोघांतही खोट नाही. हे गावाला मुळीच पटलं नाही. खोट कुणात तरी असायला नको का?

शेवटी सगळा भार प्रार्थनेवर पडला. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तिथल्या ऐन उकाड्यात, वादळाच्या दिवसांत, सकाळ-संध्याकाळ घंटा व्हायची आणि गाव घामाघूम होऊन प्रार्थनेला जमायचं. राजासाठी प्रार्थना, परदेशी गेलेल्यांसाठी प्रार्थना आणि लेसिएलीच्या कुशीसाठी प्रार्थना. पाद्री बदलत गेले, नाव तेच राहिलं. चर्चच्या किल्ल्यांबरोबर लेसिएलीची कूसही नव्या पाद्र्याच्या ताब्यात दिली जाई. प्रत्येकजण नव्या दमानं सुरुवात करायचा: सारा, हन्ना, एलिझाबेथ. बायबलातल्या वांझ बाया लेसिएलीला मावश्यांसारख्या ओळखीच्या झाल्या होत्या. वैताग एवढाच, की एकजात सगळ्यांना शेवटी पोर होत होतं.

आणि वर समजूत घालणारे वेगळे. "गावातली समदी पोरं तुजीच की गं." हे वाक्य हटकून तेव्हा यायचं, जेव्हा म्हणणारीला कोनफळाच्या शेतात जायचं असे आणि पोरं कुणाच्या तरी गळ्यात घालायची असत.

ती रडली नाही असं नाही. कितीतरी वर्षं रडली. उपासनेत मान खाली घालून तिनं देवाजवळ एकच हट्ट धरला होता. कधी विनवण्या, कधी भांडण, कधी चक्क अबोला. मग एका वर्षी मोठं वादळ येऊन गेलं. नीरफणसाची झाडं उन्मळली, कोनफळाचे वेल मातीला मिळाले. त्यानंतरच्या एका पहाटेच्या उपासनेत लेसिएलीनं वेलांसाठी मागितलं, फिनिआसीच्या खोकल्यासाठी मागितलं, गाभण डुकरिणीसाठी मागितलं, लुपेच्या परदेशातल्या लेकासाठीसुद्धा मागितलं. आमेन म्हणून बाहेर आली, आणि फाटकापाशी एकदम थांबली. मूल मागायचं राहून गेलं होतं.

परत आत जावं म्हणून ती वळलीही. अर्ज तसाच हातात राहून गेल्यासारखं वाटत होतं. मग मनात आलं, त्याला काय माहीत नाही? त्यानं तर उत्तरही कधीचं दिलंय. नाही म्हणालाय, सरळ. आपणच आपलं बहिऱ्यासारखं "काय म्हणालास?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारतोय, आणि तो बिचारा एवढी वर्षं न चिडता तेच सांगतोय. ती चर्चच्या पायरीवर बसली. रडली, पण ते रडणं जुनं नव्हतं. ओझं खाली ठेवल्यावर खांदा ठणकतो, तसं होतं ते. कुणीतरी शेजारी येऊन बसावं आणि काहीच बोलू नये, तशी सकाळ होती. उजाडल्यावर ती उठली आणि डुकरिणीला खायला घालायला गेली.

हे तिनं गावाला सांगितलं नाही. एवढं मागून ठेवलेलं गाव. आता नको म्हटलं तर त्यांना राग आला असता. तिनं एकट्या फिनिआसीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. मंग आता काढं बंद का?"

शेडमध्ये ती बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी लेसिएली भावाच्या घरी गेली. बहीण येताना दिसली तसा नाफेताली मागच्या दारानं अळूच्या वाफ्यात पसार झाला. बहीण-भावानं बाळंतपण, कूस असलं एकमेकांपुढं बोलायचं नाही, ही रीत. त्या रीतीची त्याला आज फार सोय झाली होती. म्हणून तर निरोप पाद्रीणबाईच्या तोंडून आला होता.

मिलिका चटईवर बसली होती. वय एकोणीस, आई मागंच वारलेली. पोराचा बाप फळं तोडायच्या कामाला ऑस्ट्रेलियात गेला तो तिकडचाच झाला. तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग होते आणि हातात पावडरच्या दुधाची बाटली होती.

"अंगावर का पाजत न्हाईस?"

"बाबा म्हनत्यात सवं नको लावू. न्हाईतर आत्याकडं राहायचं न्हाई त्ये." तिनं मान वर केली नाही. "आत्या, त्यो डाव्या कुशीवर झोपतो. उजव्या अंगावर टाकलं की किरकिर करतो. आन् न्हाऊ घालताना त्याला गानं लागतं. कुठलंबी चालतं. भजन चालतं."

"तुला द्यायचाय का त्यो?"

"मला कुठं विचारलंय कुनी?"

"मी इचारतीया."

मिलिकानं बाटली खाली ठेवली. तिच्या पोलक्यावरचे डाग मोठे होत गेले.

लेसिएलीनं पोराला घेतलं. त्याच्या टाळूला नाक लावलं आणि श्वास धरून थांबली. जुनी कळ येते का ते बघत. आली. आली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ओळखीचं कुत्रं दारात यावं तशी आली, पायाशी बसली, आणि इथं काही मिळायचं नाही हे कळल्यावर शेपूट हलवत निघून गेली. लेसिएलीनं श्वास सोडला.

"पाज त्याला," ती म्हणाली. "बाटली मांजराला घाल."

"बाबा वरडतील."

"त्यो अळवात लपलाय. त्याला म्हनावं, आत्यानं सांगितलंय."

घरी आल्यावर तिनं फिनिआसीपुढं सगळं मांडलं. तो मुळांचा कावा पिऊन त्याच्या गुंगीनं जरा जड झाला होता.

"न्हाई म्हनून टाक."

"न्हाई म्हनलं तर नाफेताली पोराला ऑकलंडला धाडनार, मिलिका म्हनली. चुलतभावाच्या घरी. पोरीची बेअब्रू झाकायची म्हनून. मंग तर तिला डोळ्यांनीबी दिसायचं न्हाई."

"मंग हो म्हन."

"हो म्हनलं की तिच्या छातीवरनं वढून घेतल्यासारखं. देवाकडं मागून गप बसलेली बाई मी, आता पोरीकडनं हिसकून घिऊ?"

फिनिआसीनं बराच वेळ डोकं खाजवलं. "तुजं मला काय कळत न्हाई. तुला दिल्यालं तू कधी ठिवतीस तरी का? नाफेतालीच्या घरच्या त्या मयताला मानाची चटई आली तुज्या पुढ्यात. घरच्या आत्याचा मान. एवढी मऊ चटई, मी म्हनलं आता आपली पाठ सुखाची. तर तू ती भांडी घासनारीला दिऊन टाकलीस. नाफेतालीचं तोंड असं झालं जनू त्यानं माशाचा काटा गिळलाय. पर बोलतो कसा? आत्यानं दिलं म्हनल्यावर..."

लेसिएली त्याच्याकडं बघत राहिली.

"काय झालं?" तो म्हणाला. "त्या चटईचं मला अजून वाईट वाटतंय, एवढंच म्हनतोय."

"कधी कधी," लेसिएली म्हणाली, "तुमी लई शानं बोलता. कळत न्हाई तुमाला, त्ये सोडा."

आयांच्या रविवारी चर्च चाफ्याच्या वासानं भरून गेलं. प्रत्येक आईच्या गळ्यात माळ होती. लेसिएलीच्या गळ्यात या वर्षी पहिल्यांदाच, आणि ती सगळ्यांत जाड. मिलिकाच्या गळ्यात नव्हती. तिला मागच्या बाकावर बसवलं होतं.

विकाबाई बोलल्या. फार बोलल्या. सारा झाली, हन्ना झाली. इतक्या वर्षांची गावाची चिकाटी झाली, त्यात त्यांची स्वतःची चिकाटी जरा सविस्तर झाली. मग नवं कापड अंथरलं गेलं आणि त्यावर बाळ ठेवलं. ते उजव्या अंगावर ठेवलं होतं. लगेच किरकिरायला लागलं.

लेसिएली चर्चच्या मानाखातर कमरेला गुंडाळलेली चटई सावरत उठली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि पोर उचललं.

"ह्ये मला दिलं?"

"दिलं," विकाबाई म्हणाल्या.

"जरा मोठ्यांदा. मागं लुपेकाकीला ऐकू येत न्हाई."

"येतंय की ऐकू," लुपे मागनं म्हणाली.

"देवाच्या घरात दिलं. माघारी घ्यायचं न्हाई, कसं दिलं, का दिलं काय इचारायचं न्हाई?"

"नाही गं बाई. तुझंच आहे ते."

"मंग माज्या भावाला सांगा," लेसिएली विकाबाईंकडं बघूनच म्हणाली, कारण भाऊ समोरच्याच बाकावर बसला होता आणि त्याच्याशी असलं बोलायचं नसतं, "की आत्याला मान पोचला. आन् आत्याच्या पुढ्यात आल्यालं आत्या कुनाला दील, हे आत्याचं आत्या बघती. ह्ये पोर मी मिलिकाला दिलं. ती पाजंल, ती न्हाऊ घालंल, आन् ज्या घरात ती ऱ्हाईल त्या घरात ह्ये ऱ्हाईल. ऑकलंडात न्हाई. माज्या हातचं दान कुनी हलवलं तर मी दुखावली जाईन. आत्या दुखावली की काय हुतं, त्ये तुमीच मला शिकीवलंय."

चर्चमध्ये पंखे थांबले. नाफेतालीच्या घशात पुन्हा एकदा माशाचा काटा अडकला होता. त्यानं मान खाली घातली. लेसिएली बाकांच्या मधनं लंगडत मागं गेली, गळ्यातली जाड माळ काढून मिलिकाच्या गळ्यात घातली आणि पोर डाव्या कुशीवर वळवून तिच्या हातात दिलं.

"अगं, पण देवानं तुझ्यासाठी..." विकाबाई म्हणाल्या. "आमची एवढ्या वर्षांची प्रार्थना..."

"ती पावली, बाई," लेसिएली म्हणाली. "कधीच पावली. तुमाला सांगायचं तेवढं राहून गेलं."

बायका आठवडाभर बोलत होत्या. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. लुपे म्हणाली, काढे मधेच बंद केले त्याचं हे. नाफेताली मुकाट्यानं पोराला झोळी बांधू लागला, आणि पावसाळा यायच्या आत ते पोर त्याच्या मांडीवर मुतायलाही लागलं. फिनिआसीला तेवढी त्या कापडाची आशा होती. तेही पोराबरोबर गेलं.

मग नवीन वर्षाचा पहिला आठवडा आला. घंटा झाली, गाव घामाघूम होऊन जमलं. राजासाठी प्रार्थना झाली, परदेशातल्यांसाठी झाली. मग पाद्रीबाबा अडखळले. हातातल्या कागदावर लेसिएलीचं नाव तर होतं, पण पुढं काय मागायचं ते कुणाला सुचेना. विकाबाईंनी पुढच्या बाकावरनं मान वळवून सुचवलं. त्याप्रमाणं पाद्रीबाबांनी, लेसिएलीच्या काळजाचा दगड देवानं वितळवावा, म्हणून बराच वेळ प्रार्थना केली.

तेवढ्यात मागच्या बाकावर पोर रडायला लागलं. सगळ्या बायांचे मिटलेले डोळे उघडले आणि लेसिएलीवर खिळले. ती मागं वळली नाही. त्याची आई होती तिथं.

प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं आमेन लेसिएलीच म्हणाली.