कडावची मोरी

“सायेब, रस्ता फोडा! पानी घरात शिरलं!” कमरेएवढ्या पाण्यातून पोशा ओरडत होता.

ओव्हरसिअर टिपणीस भरावावर भिजत उभे होते. हा रस्ता आणि त्याखालची दोन नळ्यांची मोरी त्यांनीच आखलेली. मागच्या पावसाळ्यांचे आकडे पाहून, वर थोडी सूट धरून. आजचा पाऊस त्या आकड्यांत कुठेच बसत नव्हता. नळ्या तुडुंब भरल्या होत्या आणि रस्ता बांधासारखा पाणी अडवून बसला होता. वरच्या अंगाला कडावची वाडी बुडत चालली होती.

“थांबा जरा. पाऊस ओसरला की निचरा होईल,” ते म्हणाले. खरं तर नुकताच झालेला रस्ता फोडायचा हुकूम द्यायला त्यांची जीभ रेटत नव्हती. वरचे साहेब काय म्हणतील, हेच डोक्यात.

पाऊस ओसरला नाही. गौराबाईच्या गोठ्याची भिंत बसली. म्हशीचं दावं सोडायला ती धावली, तर पोशाने तिला मागे ओढलं. म्हैस एकदा रेकली. मग काहीच ऐकू आलं नाही.

तेव्हा कुठे टिपणिसांनी एका मजुराच्या हातातला टिकाव घेतला आणि पहिला घाव घातला. मग सगळेच तुटून पडले. रस्ता फुटला. पाणी धो धो खालच्या भातखाचरांत गेलं आणि घटकाभरात वाडीचे उंबरे दिसू लागले. एवढंच तर करायचं होतं!

गौराबाई चिखलात बसून होती. टिपणीस जवळ जाऊन उभे राहिले.

“तुमचा काय दोस, सायेब?” तीच म्हणाली. “असला पाऊस कुनी पायला व्हता?”

हेच वाक्य त्यांनी मघापासून स्वतःसाठी जुळवून ठेवलं होतं. तिच्या तोंडून ऐकलं आणि त्यांची मान खाली गेली. पाऊस कुणी पाहिला नव्हता, खरं. पण ‘थांबा’ पावसाने म्हटलं नव्हतं.

“एका पावसापायी एवढी मोठी मोरी?” कचेरीत नव्या मोरीचा आराखडा पाहून इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

“तो पुन्हा येणार असं धरूनच बांधायला हवी,” टिपणीस म्हणाले. म्हशीचं मात्र त्यांना सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात नळ्या निघाल्या, रुंद स्लॅबची मोरी झाली. काम संपलं त्या दिवशी गौराबाईने दारातून हाक मारली, “या की सायेब, च्या घ्या.”

ते ओसरीवर टेकले. तिने कपबशी पुढे केली.

“कोराच हाय. चालंल ना?”

“चालेल,” टिपणीस म्हणाले आणि मान वर न करता तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.