दीडपट खुर्ची

खुर्च्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार 'फुटपट्टी' म्हणायचा, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट तो नावाला जागायचा. लाकडाचा पाय असो की फोमची उशी, सुताचा फरक त्याला खपत नसे. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी टेबल डुगडुगतंय का ते बघायचा, आणि पायाखाली कागदाची घडी सारल्याशिवाय घास उचलायचा नाही. यजमान बिचारे वाढलेलं ताट घेऊन ताटकळत उभे.

त्याच्या दुकानाच्या दर्शनी भागात हिरव्या मखमलीची, दोन्ही बाजूंना हात असलेली एक खुर्ची होती. जीव ओतून केलेली. गिऱ्हाइकं यायची, तिच्यात बसायची, "वा, काय बेतशीर खुर्ची आहे!" म्हणायची आणि स्टूल घेऊन जायची.

शेवटी बायकोने विषय काढला. "अहो, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भरवशावर किती दिवस काढायचे? सगळं जग आता इंटरनेटवर बसलंय."

"बसलंय ना? मग कशावर तरी बसलं असेलच. खुर्च्या आहेत त्यांच्याकडे."

पण बायको ऐकणाऱ्यांतली नव्हती. तिने मोबाइलवर खुर्चीचा छान फोटो काढला, तो कॉम्प्युटरवर घेतला आणि जुन्या-नव्या वस्तू विकायच्या एका साइटवर टाकायला गेली. साइटने फोटो परत केला.

"काय म्हणतेय?" फुटपट्टीने विचारलं.

"फार मोठा आहे म्हणतेय."

"मोठी? चांगली आटोपशीर खुर्ची आहे! कुणी मापली?"

"खुर्ची नाही हो, फोटो मोठा आहे."

"फोटोत खुर्चीच आहे ना?"

बायकोने कपाळावर हात मारला आणि आपल्या दोन्ही बहिणींना फोन केला. तिला फक्त सल्ला हवा होता. संध्याकाळपर्यंत दोघींचे नवरे दारात हजर झाले. फुटपट्टीचे हे दोन साडू म्हणजे दोन टोकं. थोरले साडू वीज कंपनीतून निवृत्त झालेले. फुकटात मिळतं त्यात काहीतरी काळंबेरं असतंच, असं त्यांचं ठाम मत. धाकट्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं, आणि पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणारा माणूस त्याच्या लेखी माठ होता. साहजिकच, फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर दोघांनीही आपापलं आणलं होतं.

"दादा, माझं घ्या," धाकटा म्हणाला. "फुकट, आणि चुटकीसरशी काम."

काम खरंच चुटकीसरशी झालं. फोटो लहान झाला, फक्त खुर्चीच्या ऐन बैठकीवर त्या सॉफ्टवेअरचं नाव ठळक अक्षरांत आडवं छापून आलं.

"हे काय?"

"जाहिरात आहे, दादा. दुर्लक्ष करायचं."

"माझ्या खुर्चीवर दुसऱ्याचं नाव? मी दुर्लक्ष करू?"

"आणि बसणाऱ्याच्या मागे उमटलं तर?" बायकोने शंका काढली. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून एक बाई उगवली आणि टकलावर केस उगवणाऱ्या तेलाबद्दल मोठमोठ्याने बोलू लागली. ती काही केल्या जाईना. थोरल्या साडूंनी नकळत डोक्यावरून हात फिरवला आणि ते गरजले, "बघा! फुकटाचे धंदे! बंद करा ते आधी!"

मग त्यांची पाळी आली. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये विमान चालवता येईल इतकी बटणं होती. त्यातलं नेमकं कुठलं दाबायचं हे थोरल्यांना माहीत नव्हतं, पण तसं कबूल करतील तर ते थोरले कसले? पहिल्या बटणाने खुर्ची पेन्सिलीने काढल्यासारखी झाली. दुसऱ्याने जांभळी. तिसऱ्याने उलटी होऊन तिचे पाय वर गेले.

"यायला लागलंय हातात," थोरले म्हणाले आणि त्यांनी चौथं बटण दाबलं. खुर्ची मोहरीएवढी झाली.

बायको पडद्याला नाक लावून बघत राहिली. "भाऊजी, ही खुर्ची आहे की ढेकूण?"

फुटपट्टी ताडकन उठला. "खुर्च्यांच्या दुकानात ढेकणाचं नाव काढायचं नाही!"

त्यावर दोन साडूंची जी जुंपली, ती सॉफ्टवेअरवरून सुरू होऊन कुणाच्या लग्नात कुणी रुसून जेवण सोडलं होतं तिथवर पोचली. बायकोने दोघांपुढे चहा ठेवला. चहा पिऊन दोघे एकमेकांकडे न बघता एकाच स्कूटरवरून निघून गेले, कारण आले तसेच होते.

दुसऱ्या दिवशी फुटपट्टीने मनाशी ठरवलं: आपली खुर्ची, आपणच निस्तरायचं. त्याने स्वतः शोधाशोध केली आणि त्याला एक साधंसुधं सॉफ्टवेअर सापडलं. एकच खिडकी, त्यात दोन रकाने, रुंदी आणि उंची, आणि दोहोंच्या मध्ये त्यांचं प्रमाण बांधून ठेवणाऱ्या कुलपाचं एक चिमुकलं चित्र. ते बघताच त्याचा जीव भांड्यात पडला. बडबड नाही, तेलाची बाई नाही, नुसती मापं! हे आपल्या भाषेत बोलणारं यंत्र.

साइटवर लिहिलं होतं, फोटोची रुंदी जास्तीत जास्त अमुक, उंची जास्तीत जास्त तमुक. 'जास्तीत जास्त' हे शब्द फुटपट्टीच्या डोळ्यांना दिसलेच नाहीत. त्याला दिसले ते आकडे. साइटने दिलेली रुंदी त्याने जशीच्या तशी टाकली. लगेच उंचीचा आकडा आपोआप बदलला. त्याने उंची दुरुस्त केली, तर रुंदी सरकली.

"अगं, हे ऐकत नाही! मी एक सांगतो, हे भलतंच करतं."

"ते कुलूप लागलंय बघा," बायको आतून म्हणाली.

फुटपट्टीने कुलपावर टिचकी मारली. कुलूप उघडलं, आणि दोन्ही आकडे शहाण्या मुलांसारखे जागेवर बसले. त्याने ते दोनदा तपासले. फोटो मात्र एकदाही न बघता साइटवर टाकून दिला. मापं बरोबर असल्यावर वस्तू चुकेलच कशी?

चार-पाच दिवसांनी दुकानात एक जोडपं आलं. नवरा बेकरीवाला, बायको त्याच बेकरीची हिशेबनीस. दोघंही भरल्या अंगाची आणि हसतमुख. दारातून एकापाठोपाठ एक आत आली आणि हिरव्या खुर्चीपाशी येऊन थबकली.

"हिची मोठी बहीण कुठे आहे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कसली बहीण? ही एकच आहे."

"इंटरनेटवरची हो. ऐसपैस. तीच बघायला आलोय आम्ही इतक्या लांब." त्याने मोबाइल पुढे केला.

फुटपट्टीने चष्मा लावला, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याची बेतशीर खुर्ची पडद्यावर आळस देऊन पसरली होती. हात दोन दिशांना पांगले होते. पाय आखूड आणि फेंगडे. मखमलीवरचं एकेक बटण बशीएवढं.

"हे... हे खोटं आहे," तो पुटपुटला. "अशी खुर्ची मी जन्मात केलेली नाही. अशी खुर्ची असूच शकत नाही. ही धड खुर्ची नाही, धड सोफा नाही!"

"तेच तर!" बेकरीवाल्याची बायको उत्साहाने म्हणाली. "एकाच्या खुर्चीत आम्ही दोघं मावत नाही. सोफा घेतला, तर सोफ्यावर हे त्या टोकाला आणि मी या टोकाला. दिवसभर बेकरीत एकमेकांवर ओरडतो, संध्याकाळी जरा जवळ बसावं म्हटलं, तर मध्ये पसरट मैदान! ही खुर्ची बघितली आणि मी ह्यांना म्हटलं, आपलं माप कुणालातरी कळलं."

"पण ती चुकून झालीये, ताई."

"असू दे हो. आमचं लग्नही तसंच झालं," बेकरीवाला म्हणाला. "चांगलं चाललंय."

फुटपट्टी मान हलवत राहिला. त्याचा हिशेब त्याला सोडत नव्हता. दोघांचा चेहरा उतरला आणि ती निघायच्या बेतात उभी राहिली. फुटपट्टीची बायको पुढे आली आणि त्याला खांबाआड ओढून हळू आवाजात म्हणाली, "अहो, ही दोघं स्टूलसुद्धा न घेता चाललीत. पहिल्यांदाच कुणालातरी खुर्ची हवीय. घ्या टेप."

टेपचं नाव काढल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याने दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसवलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत माप घेतलं. मग म्हणाला, "आता नेहमी बसता तसे बसा." दोघं जरा लाजली आणि जवळ सरकली. त्याने पुन्हा माप घेतलं. मग दोघांना हसून दाखवायला सांगितलं, कारण हसताना माणूस थोडा रुंद होतो, हे त्याच्या नुकतंच लक्षात आलं होतं.

ही नवी खुर्ची करताना तो घरात कुणाशी धड बोलला नाही. पायांचा विचार करता करता झोपायचा, पायांचाच विचार करत उठायचा. एकदा तर भर जेवणात "सहा पाय!" असं ओरडला आणि बायकोच्या हातातली वाटी निसटली. सहा पाय लावले तेव्हा कुठे ती खुर्ची डुगडुगायची थांबली.

खुर्ची त्यांच्या घरी पोचवली त्या दिवशी बेकरीवाला आणि त्याची बायको तिच्यात बसली ती बसलीच. पाणी द्यायला कुणी उठेना. शेवटी फुटपट्टीने स्वतःच स्वयंपाकघरातून चौघांसाठी पाणी आणलं, आणि त्याच्या बायकोने समोरून दोघांचा फोटो काढला.

या वेळी तिने फुटपट्टीला कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. कुलूप बंद ठेवून फोटो नीट लहान केला आणि साइटवर टाकला. तासाभरात लोकांची लिहालिहा सुरू झाली. 'फोटो ओढलेला दिसतोय.' 'फसवणूक! खुर्ची इतकी रुंद नसते.' 'कुलूप उघडं राहिलं वाटतं.' हे शेवटचं धाकट्या साडूने लिहिलं होतं, आणि त्याखाली थोरल्यांनी सहमतीचा अंगठा दिला होता.

फुटपट्टी चवताळला. त्याने उंची, रुंदी, खोली, हातांची जाडी, सगळी मापं सुताच्या हिशेबात लिहून काढली. पण तो पाठवणार तोच बेकरीवाल्याच्या बायकोचं उत्तर पडद्यावर आलं:

'फोटो ओढलेला नाही. आम्ही दोघं मुळातच असे आहोत.'