बादलीवालीची फुलं

ओतिलियाचा गाडीचा परवाना येत्या शुक्रवारी संपणार होता. डोळे तपासणाऱ्याने आधीच बजावलं होतं, या खेपेला खालची ओळ वाचता आली नाही तर परवाना विसरा. म्हणून नोव्हेंबरच्या एक तारखेला, मृतांच्या दिवसासाठी, ती नेहमीसारखी स्वतःच पिकअप घेऊन अंतोफागास्ता शहरातून वाळवंटाकडे निघाली. शेजारी धाकटी बहीण एर्मिंदा, आणि तिच्या मांडीवर मेणात बुडवलेल्या जांभळ्या कागदी फुलांचा खोका. खरी फुलं त्या वाळवंटात तासभरही तग धरत नाहीत. तिथल्या मृतांना कागदाचीच सवय.

"समोरून ट्रक येतोय, ओती."

"दिसतोय."

"मघाशी तुला तळंही दिसलं होतं."

"ते तर तुलाही दिसलं. उगाच भाव खाऊ नकोस."

मृगजळात रस्ता पुढे पुढे वितळत होता. टेकड्या जमिनीपासून सुटून हवेत तरंगत होत्या. दोघींचा जन्म इथल्याच, जमिनीतून खतासाठी सोरा काढणाऱ्या एका गावातला. कारखाना बंद पडला तसं गाव फळीफळीने, पत्र्यापत्र्याने विकलं गेलं आणि कब्रस्तान कारखान्याच्या राखाडी ढिगाऱ्याखाली गेलं. त्यातच आईची कबर. पुढे त्याच गावच्या एका वेल्डरने रुळांचे तुकडे, फावडी, बॉयलरचे पत्रे जोडून गावाच्या रिकाम्या जागेवर अकरा लोखंडी माणसं उभी केली. पाववाला, तुतारीवाला, मास्तरीणबाई. चेहरा कुणालाच दिला नाही. चेहरे तुम्हीच घेऊन या, म्हणाला.

त्यांतल्या बादली घेतलेल्या बाईकडे पाहताक्षणी ओतिलियाने ठरवलं होतं, ही आई. एकोणीस वर्षं ती तिच्याच पायाशी फुलं ठेवत आली होती. पुढच्या वर्षी कोण ठेवणार, हा प्रश्न तिने घरात कुणाला विचारला नव्हता. मुलं लांब सांतियागोला, आणि एर्मिंदाला गाडी येत नव्हती.

या वर्षी मात्र बादलीवालीच्या गळ्यात पिवळ्या फुलांचा हार होता. तिच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून एक म्हातारा संत्रं सोलत बसला होता.

"निकानोर," त्याने टोपी काढून नाव सांगितलं. "आत्याला भेटायला आलोय."

"कुठल्या आत्याला?"

"ही काय. आत्या देलफिना."

"ही आमची आई आहे," ओतिलिया म्हणाली. "तिचा उजवा पाय आखूड होता. बघा नीट."

"बाई, तो वाळूत रुतलाय. मीच वाळू उपसतो दर रविवारी. मार्चपासून जवळच बाकेदानोला राहतो, करमत नाही, मग येतो इकडे."

एर्मिंदाला हसू फुटलं. निकानोरने संत्र्याच्या फोडी दोघींपुढे धरल्या.

"आत्या संध्याकाळी दारासमोर पाणी शिंपडायची," तो म्हणाला. "धूळ बसावी म्हणून."

शिंपडायच्या सगळ्याच. ओतिलियाने डोळे मिटले आणि कारखान्याचा जुना भोंगा वाजला. गल्लीभर बायका बाहेर आल्या, सगळ्यांच्या हातात तीच पत्र्याची बादली, सगळ्यांच्या कमरेत तोच बाक. ओल्या धुळीचा वास आला. शाळेतून धावत येणारी ती छोटी ओती पाठमोऱ्या बायकांमध्ये आई शोधत होती, आणि एकही वळून बघत नव्हती. तरी भीती वाटत नव्हती. कुठल्याही दारात शिरलं तरी चहा मिळणार होता.

तिने डोळे उघडले. सावली तिच्या बुटांपर्यंत सरकली होती.

"दर रविवारी येता म्हणालात?"

"पाय चालतात तोवर. बस फाट्यावर सोडते, पुढे चालत."

ओतिलियाने बहिणीच्या हातातला खोका घेऊन त्याच्या खुर्चीशी ठेवला.

"आत्याच असेल तुमची. कंबर तुमच्याच घराण्यातली दिसतेय."

एर्मिंदा तिच्याकडे बघतच राहिली.

"पण पिवळ्यात दोन-चार जांभळी घालत जा. तिला जांभळा आवडायचा."

"आत्याला? ती तर जांभळ्याला..." निकानोर थांबला. त्याने ओतिलियाच्या जाड भिंगांकडे पाहिलं, पिकअपच्या चेपलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. "बरं. घालत जाईन. संपली की कुठे मिळतात?"

"मी करून पाठवीन. हात अजून चालतात माझे."

परतीच्या रस्त्यावर एर्मिंदा हळूच म्हणाली, "तळं आलं, ओती."

"दिसतंय," ओतिलिया म्हणाली आणि गाडी सरळ पाण्यात घातली.