उतरंडीतली बुरशी

छप्पन साली आमच्या मालकांना, म्हणजे ज्योतीरामांना, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या वाहायचं काम लागलं आणि माझ्या मागं साडेसाती लागली. तिथं म्हणे बुरशीपासून औषध करतात. झालं! ज्योतीरामांनी महाळुंग्याच्या आमच्या घरातली उतरंड रिकामी केली आणि मडक्यांत ओल्या भाकऱ्या भरून ठेवल्या. वास असा, की मांजर घरात पाय टाकीना.

"अवं, तिथं शिकलेली माणसं करत्यात," मी म्हटलं.

"बुरशी ती बुरशी, छबू. बघच तू, या मुलखात आता कुणाला मरू देणार न्हाई मी!"

मला भस्मासुर आठवला. तसं तोंडावर बोलले, तर मालक भरल्या ताटावरून उठले.

मग आत्याबाईंच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, पायाला विळा लागला. पाय सुजला, अंग तापलं. मी म्हटलं, चाकणच्या डॉक्टरकडं नेऊ. ऐकतोय कोण! मालकांनी हिरवी बुरशी पाण्यात कालवून जखमेत भरली. माझा जीव नुसता टांगणीला. दुसऱ्या दिवशी सूज गुडघ्यावर चढली, तेव्हा कुठं त्यांचं धाबं दणाणलं. पळत जाऊन गाडीला बैल जुंपले.

आत्याबाईंना उचलायला आम्ही आत आलो. रडवेल्या लेकाकडं म्हातारीनं बघितलं.

"राहू दे रं ज्योती. ठणका थांबला. गुण आला तुझ्या औषधाला."

"खरं, आये? घे माझी शपथ."

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. "जा, बैल सोड. उन्हात उभे हायेत."

मालक तसेच हसत बाहेर धावले. "लागू पडलं! माझं औषध लागू पडलं!" सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडत होते. मी म्हातारीच्या पायाला हात लावला तर निखारा. ती ओठ चावून पडली होती. तिनं माझं मनगट धरलं.

"त्याला सांगू नगंस, छबू. लई खचंल त्यो."

राग आला मला, आणि रडूही. म्हातारी जीव द्यायला तयार होती, पण लेकाची खोटी शपथ तिच्या तोंडून निघाली नव्हती. मी हात सोडवून घेतला आणि अंगणात धावले. एक बैल सुटलाच होता.

"सोडू नका! आत्याबाईंनी तुमची शपथ घेतली न्हाई!"

मालकांचं हसू तोंडावरच थिजलं. मग ते तिथंच मटकन बसले. सुटलेल्या बैलाच्या मानेवर जू मीच चढवलं.