डब्यांचा दरबार

जयसिंगरावांनी दारू सोडली, हे बंगळूरच्या हेब्बाळ भागातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. का नसावं? तिथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये अंबाभवानीसमोर त्यांनी शपथ घेतली होती. सेक्रेटरी नरसिंहरावांनी शाल पांघरली, नारळ दिला, आणि तो फोटो आता हॉलमध्ये टीव्हीच्या वर झळकत होता. शपथेचं कारण मात्र फोटोत दिसत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, कौशल्येला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लिव्हर पार थकलंय. आता प्यायले तर माझ्याकडे आणू नका." त्या दिवसापासून ती मंगळवार करत होती. माणूस जगावा, बास, एवढंच तिचं मागणं होतं.

नवरात्र तोंडावर आलं. दसऱ्याला घरात गोंबे मांडायचे म्हणजे बाहुल्यांची आरास करायची, हा बंगळूरचा रिवाज या घरात कैक पिढ्यांपासून मुरला होता. कौशल्येने खाटेखालची ट्रंक ओढली. लग्नात माहेरून आलेले लाकडी राजा-राणी जुन्या पंच्यात गुंडाळून वर ठेवलेले असत. ते उचलले, आणि खाली बघते तर काय! बिअरचे रिकामे डबे. चेपून, रचून, दोन थर.

काय डोकं चाललं होतं बघा महाशयांचं! बाटली खणखणते, म्हणून शहरात नव्याने आलेले डबे धरले. कचऱ्यात टाकले तर शेजारीण बघेल, म्हणून ट्रंक धरली. ट्रंक वर्षातून एकदाच उघडते हे त्यांनी बरोबर हेरलं. पण वर्षातून एकदा ती उघडतेच, एवढं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि हा माणूस सरकारी कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होता!

कौशल्या ट्रंकेपाशी बसून रडली. खोटं कशाला बोला, पदर भिजेपर्यंत रडली. मग नाक पुसलं, उठली आणि शिवणाची कात्री घेऊन आली.

डब्याची दोन्ही तोंडं कापायची, मधून चिरायचं, पत्रा शिकेकाईच्या पाण्यात धुवायचा. छापील अंग आत, चांदीसारखं अंग बाहेर. बारीक पट्ट्या पेन्सिलीवर गुंडाळल्या की झुंबर. रुंद पट्ट्या दुमडल्या की कमानी. बोटं कापली, हळद लावली, पुन्हा कात्री चालू. राजा-राणीला सिंहासन झालं, वर छत्री झाली, दरबाराला खांब झाले. सामानाची ददात नव्हतीच. नवऱ्याने वर्षभर कंबर कसून पुरवठा केला होता.

संध्याकाळी जयसिंगराव ऑफिसातून आले, चप्पल काढता काढता आराशीकडे वळले, आणि एक चप्पल पायातच राहिली.

"कसं झालंय?" कौशल्येने विचारलं.

"छान... छानच की. हे, हे कुठनं आणलंस?"

"घरातलंच आहे हो. तुमच्याच कष्टाचं."

जयसिंगराव हात धुवायला गेले ते बराच वेळ हातच धूत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बायका गोंबे बघायला येऊ लागल्या. शेजारच्या पद्मावतीने कोसंबरीचा, म्हणजे भिजल्या डाळीच्या कोशिंबिरीचा, द्रोण हातात घेतला आणि झुंबराखाली मान वर करून उभीच राहिली.

"अय्यो, कौशल्याक्का! चांदीच की! कशाचं केलंत?"

"डब्यांचं. कूल ड्रिंकचे येतात ना हल्ली, तसले."

"एवढे कुठे मिळाले?"

"यांना विचारा. सगळं यांनीच जमवलंय. मला स्वल्पसुद्धा त्रास दिला नाही."

जयसिंगराव पेपरात तोंड खुपसून बसले होते. पेपर उलटा होता. पद्मावती म्हणाली, "बायकोच्या हौसेसाठी किती करतात हो अण्णा! आमच्याकडे सांगून थकले तरी साधा खिळा ठोकत नाहीत." कौशल्या म्हणाली, "नशीब लागतं."

असं रोज चाललं. रोज नवं कौतुक, आणि रोज जयसिंगरावांची मान आणखी खाली. नवमीला तर खुद्द नरसिंहराव आले. दरबार बघून हरखलेच.

"जयसिंगराव, कमाल केलीत! दिवाळीला हॉल असाच सजवायचा. डबे तुम्ही आणायचे. आणि त्याच दिवशी व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायचे. सरी, ठरलं मग?"

"एवढे डबे... जमायचे नाहीत," जयसिंगराव पुटपुटले.

"का नाही जमायचे?" कौशल्या आतून उसळीची वाटी घेऊन येत म्हणाली. "मनावर घेतलं की यांना सगळं जमतं. जिवाची पर्वा करत नाहीत."

नरसिंहराव खो खो हसले. हसले नाहीत ते घरातले दोघं.

दशमीला आरती झाली. रिवाजाप्रमाणे कौशल्येने राजा-राणीला आडवं करून निजवलं. मग एकेक बाहुली पंच्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवू लागली. कमानी ठेवल्या, झुंबर ठेवलं. जयसिंगराव दारात उभे होते. नऊ दिवस टोमणे मारून तिची जीभ थकली होती. ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली,

"या कोपऱ्यात जागा ठेवलीय. पुढच्या दसऱ्याला दरबार वाढवायचा की एवढाच ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. फक्त तो बघायला तुम्ही असणार का, ते मला आत्ता सांगा. मला एकटीला नाही हो मांडता येणार."

एवढं म्हणून ती हातातला पंचा उलगडून पुन्हा घड्या घालू लागली.

जयसिंगराव स्वयंपाकघरात गेले. सिलेंडर सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक डबा होता. चेपलेला नव्हता, रिकामाही नव्हता.

"एवढा एकच राहिलाय," ते म्हणाले. "देवीशप्पथ म्हणत नाही. ती एकदा घेऊन झालीय."

कौशल्येने डबा घेतला. मोरीत गेली, फोडला आणि उपडा धरला. फेस विरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि डबा त्यांच्याच हातात दिला. शिवणाची कात्रीही दिली.

"हा तुम्ही कापा," ती म्हणाली. "आणि सांभाळून. धार लागते."