समान दुवा

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी नखाने निघता निघेना. इंजेक्शन दिल्यावर दंडावर लावतात तीच ही, गोल, कातडीच्या रंगाची... लॅपटॉपला कातडी कुठली, पण 'कॅमेरा उघडा असला की कुणीतरी बघतंय असं वाटतं हो,' असं सिस्टरचं म्हणणं, आणि सव्वीस वर्षं हाताखाली काम केलेल्या बाईशी डॉक्टर वाद घालत नसत. पट्टी निघाली. पडद्यावर त्यांचा चेहरा उगवला, नेहमीसारखा खालून, म्हणजे दोन नाकपुड्या आणि वर जमतील तेवढे डॉक्टर.

दर बुधवारी दुपारी एक वाजता हा वर्ग भरे. मोठ्या रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञ मॅडम एका चौकोनात, आणि आडबाजूच्या दवाखान्यांतले सतरा डॉक्टर उरलेल्या चौकोनांत. एकेकाने आपला हिपॅटायटिस सीचा पेशंट मांडायचा, नाव न घेता, नुसतं वय, रिपोर्ट आणि अडचण. मॅडमनी गोळी कुठली आणि किती आठवडे ते सांगायचं. पूर्वी असा पेशंट शहरात पाठवला की तो अर्ध्या वाटेवरून घरी परत येई. आता गोळ्या इथेच देता येत होत्या आणि बहुतेक लोक चक्क बरे होत होते. मॅडम डॉक्टरांच्या मुलीच्या वयाच्या. त्या यांना 'सर' म्हणत, हे त्यांना 'मॅडम', आणि दोघंही ते मनापासून म्हणत.

आजचा पेशंट पुरुष, त्रेपन्न वर्षांचा, शिंपी. यकृत घट्ट व्हायला लागलेलं. फॉर्म सकाळीच भरून झाला होता, एक ओळ सोडून — संसर्गाचा संभाव्य मार्ग. खाली पर्याय छापलेले: रक्त चढवणे, नशेची सुई, गोंदण, असुरक्षित इंजेक्शन, माहीत नाही. पेन चौथ्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका उमटला. खूण म्हणावी तर नव्हती, नाही म्हणावं तर होती...

...पंचवीस वर्षांपूर्वीची तापाची साथ होती ती. बाकावर माणसं, बाकाखाली चपला, आणि प्रत्येकाला सुईच हवी. गोळी दिली की 'नुसती गोळीच?' असा चेहरा. स्टोव्हवर स्टीलचं भांडं, त्यात काचेच्या दोन सिरिंज — दोनच, तिसरी फुटली होती — पाण्याला उकळी फुटायला वेळ लागे आणि माणसांना वेळ नसे, मग सुई तेवढी बदलायची, सिरिंज तीच, पुढचा दंड. सुई बदलली की झालं, असं सगळेच म्हणत आणि सगळेच करत. हे 'सगळेच' मोठे गुणी लोक, अडचणीच्या वेळी नेमके हजर. त्या रांगेत हा शिंपी होता, नुकतं लग्न झालेला. मागे त्याची बायको. बाही वर सारत तो म्हणाला होता, "डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला गुण आहे." आणि मी खूश झालो होतो.

गेल्या आठवड्यात त्याच शिंप्याने आत येऊन दार लावून घेतलं होतं.

"ही माझ्याशी बोलत नाही, डॉक्टरसाहेब. हा रोग कशाकशाने होतो ते कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलंय तिला. म्हणते, कुठे जात होतात ते सांगा. अहो, मी कुठे जाणार? मशीनवरून उठलो तर जेवायला! तुम्ही एकदा सांगा तिला, मी तसला माणूस नाही."

"कशानेही होऊ शकतं हो हे," डॉक्टर म्हणाले होते.

कशानेही. शिंप्याने तो शब्द जपून घरी नेला असणार, आणि तिथे संशयाला मोकळं रान मिळालं असणार.

"सर, तुमची ही चौथी केस," पडद्यावरून मॅडम म्हणत होत्या. "चौघंही पन्नाशीच्या आसपासचे, एकाच परिसरातले. काही समान दुवा दिसतो का?"

आता. माइक चालू होता. सिरिंजचं ते वाक्य त्यांनी आठवडाभर घोकलं होतं. ते एकदा बाहेर पडलं की त्या काळात ज्यांना ज्यांना सुई टोचली त्या सगळ्यांना बोलावून तपासावं लागेल — तीनशे? पाचशे? — नाही पडलं तर ती माणसं घरोघरी बसून राहतील, जेवतील, भांडतील, आणि आतल्या आत...

"दुवा म्हणजे... चौघंही माझेच पेशंट आहेत, मॅडम. त्या तापाच्या साथीपासूनचे."

थट्टा समजून हशा पिकला. एका चौकोनात एक डॉक्टर जेवत होते, त्यांना ठसका लागला.

"तेच तर!" मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं सर आपल्या माणसांना धरून राहिले, म्हणून तर हे सापडले. आपण सगळ्यांनी शिकायला हवं." कुणीतरी टाळ्यांचे पिवळे हात पाठवले, ते तरंगत वर गेले. चोवीस आठवडे गोळ्या, सहा महिन्यांनी सोनोग्राफी, पुढची केस.

डॉक्टरही हसले. छातीत काहीतरी सैल झालं, आणि ते किती बरं वाटलं याचीच त्यांना धडकी भरली.

सिस्टर दारात उभ्या होत्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले."

सिस्टरनी पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "मी तेव्हा म्हणत होते, तिसरी सिरिंज मागवा."

"म्हणत होतात."

"दोघं आलेत. पाठवू?"

शिंपी आणि त्याची बायको आत आली, मधली खुर्ची रिकामी ठेवून बसली. डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या: रोज एक, एकाच वेळी, चुकवायची नाही. ती सगळं नीट ऐकून घेत होती. शिंपी एकटक डॉक्टरांकडे बघत होता, साक्षीदाराकडे बघावं तसा.

"वहिनी, तुमचंही रक्त तपासून घेऊ."

"माझं कशाला? मी कुठे गेले होते?" असं म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग तीच नरमली. "तुम्ही सांगताय म्हणून देते. तुम्ही होतात म्हणून हे कळलं तरी. यांनी कधी तोंड उघडलं असतं का?"

"वहिनी —" डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. इतके दिवस पोटात होती ती भीती जागेवर नव्हती. तिच्या जागी राग होता, चांगला फणफणणारा, आणि तोही या बाईचा. इतकी वर्षं याच खोलीत येऊन दंड पुढे करते, आणि संशय घ्यायला हिला अख्ख्या जगात नवराच तेवढा सापडला? विचार की. माझ्याकडे बघून विचार...

ती त्यांच्याकडेच बघत होती, हात मांडीवर ठेवून, अदबीने; ते आणखी काही सांगतील म्हणून.