बत्तीस चकत्यांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण उन्हात घालायची नव्हे. माझ्या निळ्या ताणदार कापडात धातूच्या बत्तीस चकत्या बसवल्या आहेत. वाक्य कानावर पडले, की मेंदूत विजेच्या बारीक लहरी उठतात. त्या मी टिपते. कारखान्यातून थेट विद्यापीठाच्या भाषा-प्रयोगशाळेत आले आणि आठ वर्षांत शेकडो डोकी पाहिली. माझे काम मला चोख येते.

गेल्या वर्षी संशोधक मृण्मयीताई मला मुळशीतल्या माले गावी घेऊन गेल्या. तिथले शेतकरी ज्ञानदेव यांची वाचा अर्धांगवायूने गेली होती. त्यांना काही कळत नाही, असे धरून घरचे त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. मुलगा प्रमोद वरचे भातखाचर दुसऱ्याला वाट्याने द्यायला निघाला होता.

ताईंनी ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकवली. काही सरळ, काहींचा शेवटचा शब्द मुद्दाम चुकवलेला. अर्थ कळत असेल, तर चुकीच्या शब्दाला मेंदू अडखळतो आणि लहर बदलते. ज्ञानदेवांची लहर बदलली नाही.

त्यांच्या पत्नी गोजराबाई म्हणाल्या, "ताई, ह्ये पुण्याचं बोलणं हाय. आमच्यात असं कुनी बोलत न्हाई."

"मग मावशी, तुम्हीच बोला."

गोजराबाईंनी दोन दिवस बसून दीडशे वाक्ये आपल्या आवाजात भरून दिली. "म्या तव्यावर भाकर नांगरली," म्हणताना त्यांना हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा ज्ञानदेवांच्या डोक्यावर बसले. या वेळी चुकीच्या शब्दांना लहर स्पष्ट खाली झुकत होती. ताईंनी सगळा हिशेब दोनदा तपासला, मगच सांगितले, "बाबांना कळतंय."

गोजराबाई नवऱ्यासमोर बसल्या. "आवो, वरचं खाचर वाट्यानं द्यायचं का?"

ज्ञानदेवांनी डावा हात जोरात आडवा हलवला. आजवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

मग प्रमोद जवळ येऊन म्हणाला, "आबा, मंग यंदा काय लावू? इंद्रायनी?"

हात आडवा.

"आंबेमोहर?"

हात वर गेला. ज्ञानदेवांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, आता माझ्या दोन चकत्या बंद पडल्या आहेत. प्रयोगशाळेत चौसष्ट चकत्यांची नवी टोपी आली आहे आणि मी बहुधा खणातच असते. तरी कधी मला हातात घेतलेत, तर तारांना धरून ओढू नका. वापरल्यावर कोमट पाण्याने धुवा. अजून माझ्याकडून पुष्कळ काम होईल. आणि एखादा माणूस उत्तर देत नसेल, तर त्याला विचारायचे सोडू नका. त्याच्या घरच्या बोलीत विचारून पाहा.